मांजरी ते म्तेंदेरे

म्तेंदेरे, मलावी
१० फेब्रुवारी २०२४

ती. आईंस,
सुनीतीचा सप्रेम सलाम वि. वि.

तुमचं पत्र गेल्या शनिवारी मिळालं. म्हणजे शनिवारी टेकडी चढून वर गेले, नेट लागलं आणि पानांचे फोटो फोनमध्ये उतरले. तिसऱ्या पानावर खाली तुमचा अंगठा आला आहे, त्यामुळे तुळजाबाईंच्या नातीचं लग्न ठरलं की मोडलं ते कळलं नाही. तेवढं कळवा. पत्रं लिहिण्याचा तुमचा हट्ट आम्हाला आता पटला आहे. फोन केला की आपण तिघंही ‘ऐकू येतंय का’ याच्या पुढे जात नाही. पत्रात निदान नीट भांडता येतं.

इथे पाऊस लागून राहिला आहे. मका कमरेच्या वर गेलाय, पण कणसं भरायला वेळ आहे आणि घरातला जुना मका संपलाय. लोकांचे हे अर्धपोटी महिने. तरी दवाखान्यात माणसं येतातच, कुणी सायकलवर मागे बसून, कुणी हातगाड्यावर. आमोद सकाळी वर्कशॉपमध्ये शिरतो तो अंधार पडेपर्यंत कृत्रिम पाय घडवत असतो. त्याने केलेल्या पायावर माणसाला उभं करणं आणि चालवणं हे माझं काम. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ज्याला इथे न्सिमा म्हणतात, तो त्याला हल्ली भाकरीपेक्षा बरा लागतो. हे तुम्हाला कळवू नकोस असं त्याने बजावलं आहे.

एक गोष्ट लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. आपल्या चर्चच्या मंडळीचा दूरसेवा निधी नोव्हेंबरपासून कमी येतो आहे. आमचं दोघांचं भागतं. पण पाय बनवायचं प्लॅस्टिक दक्षिण आफ्रिकेहून येतं, त्याची मागणी थांबवावी लागली. मापं दिलेली माणसं व्हरांड्यात येऊन बसतात आणि तशीच परत जातात. डिसेंबरमध्ये आमची तीन वर्षं संपतील. पुढच्या तीन वर्षांची वचनं मंडळीकडून सप्टेंबरपर्यंत मिळाली नाहीत, तर दवाखान्याचे लोक वर्कशॉपला कुलूप लावतील. कोषाध्यक्ष तुम्ही आहात म्हणून तुम्हालाच विचारते, काही बिघडलं आहे का?

तब्येत सांभाळा. लोभ टेकडीपर्यंत पोचतो आहे, तो पोचत राहू द्यावा.

आपली,
सुनीती

विश्रांतवाडी, पुणे
२५ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सुनीती आणि चि. आमोद यांस,
आईचे अनेक आशीर्वाद.

लग्न ठरलं. जूनमध्ये आहे. मुलगा बाणेरला कंपनीत आहे आणि घरूनच काम करतो, त्यामुळे तो नोकरीला आहे यावर तुळजाबाईंचा अजून विश्वास बसलेला नाही.

आता निधीचं. तुला सांगते, इतर कुणाला सांगायचं नाही. निधीचा तिसरा हिस्सा एकटे ज्ञानदेव अमोलिक देत होते. मांजरीचे. तुम्ही त्यांना पाहिलंय, उसाच्या संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, उपासनेला उजव्या बाजूच्या दुसऱ्या बाकावर बसायचे आणि गाणं संपल्यावरही एक ओळ जास्त म्हणायचे. नोव्हेंबरपासून त्यांचे पैसे नाहीत आणि तेही नाहीत. फोन केला की सून ऋतुजा उचलते आणि बाबा झोपलेत म्हणून सांगते. कधीही केला तरी झोपलेले.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी त्यावर उपदेश केला. साता समुद्रापलीकडून लोकांनी आपल्या आजोबा-पणजोबांना शाळा आणि दवाखाने दिले, ते ऋण आता आपण फेडलं पाहिजे, असं म्हणाले. मला काही ते रुचलं नाही. ऋण म्हटलं की माणूस हप्ता किती आणि सुटका कधी एवढंच विचारतो. लोकांनीही तेच केलं. त्या रविवारची दानपेटी उचलताना मला जोर लावावा लागला नाही.

शेजारच्या तुळजाबाई तर वेगळंच विचारतात. आपल्याकडं काय लंगडी माणसं न्हाईत का, म्हणून इतक्या लांब पैसं धाडायचं, असं त्या परवा चहा पिताना म्हणाल्या. त्या मनातलं बोलून मोकळ्या होतात, लागावं म्हणून बोलत नाहीत. मी त्यांना आणखी चहा घ्या म्हटलं.

आणि आता माझं. निधी बंद पडला तर तुम्ही जानेवारीत घरी याल. तुमची खोली झाडताना रोज माझ्या मनात हे येतं. निधी चालू राहिला तर आणखी तीन वर्षं मी आणि ही खोली. त्यासाठी दारोदार फिरायचं ते मीच. मग प्रार्थनेत मागायचं काय? हल्ली मी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणते आणि घाईने डोळे उघडते. यात फसवणूक आहे असं वाटलं तर तसं लिही. मला राग येणार नाही.

आठवण ठेवता ती अशीच ठेवा.

तुमची,
आई

म्तेंदेरे, मलावी
१६ मार्च २०२४

ती. आईंस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुमचं पत्र आमोदला वाचून दाखवलं. तो उठला. बाहेर जाऊन सायकल पुसत बसला. सायकल स्वच्छच होती.

आई, तुम्ही फसवणूक करत नाही. तुम्ही काय मागावं हेही आम्ही सांगणार नाही. आम्हालाही घर आठवतं. आमोदला तर झोपेत पीएमटी बसचे नंबर आठवतात. म्हणून आज फक्त इथल्या एका बाईबद्दल लिहिते, म्हणजे वर्कशॉप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे निदान एक चेहरा येईल.

तिचं नाव चिसोमो. त्याचा अर्थ कृपा. चाळिशीची आहे, बाजारात टोमॅटो विकायची. मिनीबस उलटली आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आम्ही नवीन होतो तेव्हा तिचा दीर तिला हातगाड्यावर घालून घेऊन आला. तिला पाय नको होता. बाजारात बसायला पाय कशाला लागतो, असं ती मला म्हणाली. पहिल्यांदा उभी केली तेव्हा तिने माझ्या खांद्याला इतकं घट्ट धरलं, की नखांच्या खुणा बरेच दिवस होत्या. चालायला लागल्यावर ती टोमॅटोकडे परत गेलीच नाही. रोज वर्कशॉपच्या दारात येऊन बसायची आणि आमोद काय करतो ते बघायची. एकदा त्याच्या हातातली कानस काढून घेऊन तिने नव्या पायाची वरची कडा घासून दिली, कारण तिथे टोचतं हे तिला स्वतःच्या पायावरून ठाऊक होतं. आता ती पगारावर आहे. माणूस दारातून आत आला की मी काही बोलण्याआधी ती स्वतःचा पाय काढून टेबलावर ठेवते, आणि मग बोलायला सुरुवात करते.

निधी थांबला तर तिचा पगारही थांबेल. हे दडपण आणायला लिहीत नाही, पण लपवलं तर तुमच्यापुढे खोटी ठरेन.

ज्ञानदेवकाकांकडे तुम्ही एकदा जाऊन याल का? पैशांसाठी नको. इतकी झोप लागणारे ते नव्हेत.

माया आहे तेवढी राहू द्या, आम्हाला तेवढी पुरते.

आपली,
सुनीती

विश्रांतवाडी, पुणे
१४ एप्रिल २०२४

चि. सौ. सुनीती व चि. आमोद यांस,
अनेक आशीर्वाद.

काल मांजरीला जाऊन आले. दोन बस बदलल्या, शेवटी हडपसरहून रिक्षा केली. मांजरी आता ओळखू येत नाही. ऊस आहे, पण उसाच्या चारी बाजूंनी इमारती. न कळवता गेले. कळवलं असतं तर ते झोपले असते.

दार ऋतुजाने उघडलं. मला बघून तिचा चेहरा पडला, मग बाजूला होऊन आत या म्हणाली. ज्ञानदेव खिडकीपाशी पलंगावर होते, गुडघ्यावर चादर. सुनीती, चादर उजव्या बाजूला जिथे संपायला हवी त्याच्या बरीच आधी खाली बसली होती. साखरेने अंगठा चिघळला, मग पाऊल, मग ऑक्टोबरमध्ये गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मंडळीत कुणाला कळवायचं नाही अशी त्यांनी मुलाला आणि सुनेला शपथ घातली होती.

मी बसले. ऋतुजाने सरबत दिलं. सरबत संपल्यावर ते स्वतःच म्हणाले, की रतनबाई, प्रार्थना मोठ्याने करू नका, मला सहन होणार नाही. मी म्हटलं, मी करतच नव्हते, पंख्याकडे बघत होते. त्यावर त्यांचा ओठ जरा हलला.

मग त्यांनी सांगितलं. आपल्या निधीच्या पत्रकावर दर महिन्याला तुम्ही पाठवलेला फोटो छापलेला असतो ना, नव्या पायावर उभं राहून हसणारी माणसं? जवळजवळ दोन वर्षं ते तो फोटो बघून खूश व्हायचे. ऑपरेशननंतरचं पहिलं पत्रक हातात आलं तेव्हा त्यांनी ते फाडलं. म्हणाले, की त्या सगळ्यांना जमतं आणि मला संडासापर्यंत जाता येत नाही. पैसे द्यायला हात उठत नाही. कंजूषपणा म्हणा, मत्सर म्हणा, काहीही म्हणा.

मी निधीचं तर नावही काढलं नाही. निघताना ऋतुजा जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, की बाबा गुडघ्याखाली सारखी मोठी उशी मागतात आणि दिवसचे दिवस तसेच पडून असतात, रात्री दात आवळून कण्हतात, डॉक्टर म्हणतात जखम भरली आहे. बिचारी पार थकली आहे.

बसमध्ये तुळजाबाईंचा प्रश्न आठवला. आपल्याकडे लंगडी माणसं नाहीत का? आहेत. आपल्याच चर्चच्या दुसऱ्या बाकावरचं एक निघालं, आणि इतक्या महिन्यांत मला पत्ता नव्हता. त्यांचे पैसे आले नाहीत हे मात्र पहिल्या महिन्यातच लक्षात आलं होतं.

तुझं शिक्षण यातलं आहे. काय करायचं ते लिही, जरा लवकर.

तुमची,
आई

म्तेंदेरे, मलावी
१७ एप्रिल २०२४

ती. आईंस,
सलाम. आज बुधवार आहे, तरी टेकडी चढून आले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

उशी आजच काढायला सांगा. गुडघा वाकलेला राहिला तर तो तसाच आखडतो, मग कितीही चांगला कृत्रिम पाय केला तरी बसत नाही. रोज थोडा वेळ पालथं झोपायला हवं. ऋतुजाला हे फोनवर सांगा, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडून फिजिओथेरपीची चिठ्ठी घ्यायला लावा. कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर पट्टी कशी बांधायची ते तिथले लोक दाखवतील.

दुसरं, हे तुम्ही स्वतः आणि त्यांना एकटं गाठून विचारा. जे पाऊल नाही ते दुखतं का? बोटं वळल्यासारखी वाटतात का, खाज येते का? बरीच माणसं हे कुणाला सांगत नाहीत, कारण आपल्याला वेड लागलं अशी त्यांना भीती वाटते. वेड नाही. शरीराला गेलेल्या अवयवाची सवय मोडायला वेळ लागतो. दोन पायांच्या मधे एक लांब आरसा असा उभा करायचा, की चांगला पाय त्यात दिसावा आणि दुसरा मागे झाकला जावा. आरशात बघत चांगलं पाऊल हलवायचं. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण पुष्कळांना आराम पडतो.

सोबत एक व्हिडिओ आहे. चिसोमोला मी काकांबद्दल सांगितलं. नाव सांगितलं नाही, फक्त एवढंच, की तुझा पाय ज्यांच्या पैशांतून आला त्यांतल्या एकाचा पाय गेला आहे. ती मग म्हणाली, की मला त्यांच्याशी बोलायचं आहे. ती तिच्या भाषेत बोलते, मागून माझा मराठी आवाज आहे. काही ठिकाणी मला हसू आलं, त्याबद्दल क्षमा मागते.

आपली,
सुनीती

ता. क. आई, मी आमोद. मी ज्या वर्कशॉपमध्ये शिकलो तिथल्या लोकांना फोन केला आहे. गुडघा सरळ झाला आणि सूज उतरली की काकांना तिथे घेऊन जा. मी काकांच्या हातचा ऊस खाल्लेला आहे.

विश्रांतवाडी, पुणे
१२ मे २०२४

चि. सौ. सुनीती व चि. आमोद यांस,
अनेक आशीर्वाद.

या वेळी तुळजाबाईही बरोबर आल्या. त्यांचं माहेर मांजरीचं, त्या म्हणाल्या वाट मला ठाव हाय, तुम्ही उगा रिक्षावाल्याला पैसं देता. वाट त्यांनाही सापडली नाही. त्यांच्या भावाच्या उसाच्या जागी सात मजले उभे आहेत.

उशी गेली आहे. पहिल्या आठवड्यात ज्ञानदेवांनी ऋतुजाला नाही नाही ते ऐकवलं, पण तिने उशी कपाटात कोंडून किल्ली ओट्यावरच्या डब्यात लपवली. तुळजाबाई तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेल्यावर मी दार लोटलं आणि तू सांगितलंस तसं विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता घालवून देतात. मग ते रडायला लागले. सहा महिने त्यांची करंगळी दुखते आहे, जी त्यांनी स्वतः सही करून काढायला लावली. मुलाला सांगितलं तर तो डोक्याच्या डॉक्टरकडे नेईल, म्हणून सांगितलं नाही. ख्रिस्ती माणसाला असा भास का व्हावा, आपलं काही चुकलं का, इथवर त्यांची मजल गेली होती.

मी व्हिडिओ लावला. चिसोमो बघता क्षणी मला आवडली. ती पाय काढून टेबलावर ठेवते ते बघून ज्ञानदेव पुढे झुकले. ती म्हणते, की पावसाळ्यात तिच्या नसलेल्या बोटांना अजून खाज सुटते, मग जिथे बोटं असायला हवीत तिथे ती जमीन खाजवते, आणि नवऱ्याला बजावते की हसायचं नाही. इथे तू हसलीस, आणि सुनीती, ज्ञानदेवही हसले. रडता रडता हसले. व्हिडिओ त्यांनी पुन्हा लावायला लावला. शेवटी ती बोट दाखवून म्हणते, की उभं राहताना मला खूप भीती वाटली, तुम्हालाही वाटेल, ती वाटू द्या आणि उभे राहा. दुसऱ्या वेळी तेवढ्यापुरता त्यांनी आवाज बंद करून नुसतं तिचं तोंड बघितलं.

आरसा म्हणून ऋतुजाच्या कपाटाचं दार उतरवलं. ते काम तुळजाबाईंनी केलं, त्यांना पेचकस चालवता येतो हे मला आजवर माहीत नव्हतं. ज्ञानदेव आरशात बघत पाऊल हलवत राहिले. दुखणं गेलं नाही, पण करंगळी सुटल्यासारखी वाटली म्हणाले.

परत येताना तुळजाबाई बसमध्ये खिडकीपाशी बसल्या. मग म्हणाल्या, की म्हंजी तिकडची बाई हितल्या माणसाला शिकवाया लागली. मी हो म्हटलं. यापुढे त्यांनी तो प्रश्न विचारलेला नाही.

तुमची,
आई

विश्रांतवाडी, पुणे
२२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सुनीती व चि. आमोद यांस,
अनेक आशीर्वाद.

तीन वर्षांची वचनं पुरी झाली. पाळकसाहेब तुम्हाला रीतसर कळवतीलच, पण मी आधी कळवणार, कारण चपला माझ्या झिजल्या आहेत. घरोघर गेले. ऋणाचं बोलले नाही. तुमच्या पत्रांतले तुकडे वाचून दाखवले, आणि लोकांना त्यांच्या घरचं विचारलं. बऱ्याच घरांत मी पैशांखेरीज दुसरं काही प्रथमच विचारलं. ज्ञानदेवांचा हिस्सा पुन्हा सुरू झाला. ऑगस्टमध्ये त्यांना पाय बसला. अजून वॉकर लागतो आणि शिकवणाऱ्या मुलीवर ते ओरडतात, पण दारापर्यंत स्वतः येतात.

तेव्हा आता आणखी तीन वर्षं राहा. मीच तुमची सोय केली आहे, त्यामुळे तक्रार करायची मला सोय नाही. परवा तुमच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या आणि पुन्हा कपाटात ठेवल्या. थोडं वाईट वाटलं. फार नाही.

मला विसरू नका, म्हणजे झालं.

तुमची,
आई

म्तेंदेरे, मलावी
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय आईस,
आमोदचा सलाम.

हॉस्टेलवरून लाडू मागवायला पत्र लिहिलं होतं, त्यानंतर मी हेच लिहितोय. सुनीती म्हणाली, हे तूच लिही.

आई, आम्ही तीन वर्षं राहणार नाही. एकच वर्ष राहणार. रागावू नकोस, पुढे वाच. चिसोमोला टांझानियातल्या एका संस्थेत शिकायला पाठवतोय. ती परत आली की काही महिने मी तिच्या हाताखाली काम करीन, आणि मग वर्कशॉप तिचं. माणूस आत आला की त्याच्याशी काय बोलायचं ते तिला माझ्यापेक्षा कळतं, त्याच्या भाषेत कळतं, आणि ती इथून कुठे जाणार नाही. मी इथे बसून राहिलो तर ती कायम माझी मदतनीस राहील.

पण हे निधी चालू राहिला तरच होईल. दवाखान्याला प्लॅस्टिक आणि तिचा पगार अजून झेपणार नाही. आम्ही परत आल्यावरही उरलेली दोन वर्षं मंडळीने द्यायला हवं. लोकांनी वचन दिलं ते त्यांच्या ओळखीच्या मुलासाठी. तिला कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. हे मागायला तुलाच पुन्हा पाठवतोय, याची लाज वाटते.

लाडू नकोत. तू बरी राहा.

तुझा,
आमोद

विश्रांतवाडी, पुणे
१ डिसेंबर २०२४

चि. आमोद व चि. सौ. सुनीती यांस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा एकच ओळ दिसली, की तुम्ही येणार. बाकीचं मी दुसऱ्या दिवशी वाचलं.

आज उपासनेनंतर पंचांची सभा झाली. मी विषय मांडला. सर्जेराव काळोखे म्हणाले, की बाई, आम्ही आपल्या पोरासाठी दिलं, पोरगा घरी येतोय, देवाची स्तुती असो, आता निधी छपराच्या कामाला लावू. छप्पर खरोखर गळतं आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. बरीच डोकी हलली. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. मी घरोघर वाचून दाखवलं, पण शेवटी मागितलं ते आमोदच्या नावाने. तसं मागणं सोपं होतं.

मी उत्तराला उठणार, तोच मागचं दार वाजलं. ज्ञानदेव आले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. एका हातात काठी, दुसरा हात ऋतुजाच्या खांद्यावर. दारापासून पुढच्या बाकापर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागला, की सर्जेराव उभे होते ते उभेच राहिले, बसावं की नाही त्यांना कळेना. कुणी हात द्यायला गेलं की ज्ञानदेव काठी उचलून दाखवायचे.

बसले, घाम पुसला, आणि म्हणाले, की मी आमोदला चड्डीत असल्यापासून ओळखतो, चांगला मुलगा आहे, पण तो माझ्याशी या वर्षात एक शब्द बोललेला नाही. त्या बाईने मला उभं केलं. तिला मी देणार. छपराला वेगळे देईन, पण तिचे त्यात घालू नका. एवढंच. मग त्यांनी पाणी मागितलं.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. काळोखे आणि आणखी दोन घरं निधीतून बाहेर पडली, छपराकडे गेली. बाकीची राहिली. उरलेला खड्डा महिला मंडळ नाताळच्या फराळातून भरणार आहे. करंज्या आणि चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायला तुळजाबाई आमच्या सोसायटीत दारोदार फिरल्या. त्या स्वतःही दर महिन्याला काही देतात. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, की मी चर्चला देत न्हाई, त्या बाईला देते, तसं वहीत मांडा. मी तसं मांडलं.

आता वर्षभर शांत मनाने काम करा. मी थांबते.

तुमची,
आई

विश्रांतवाडी, पुणे
१४ डिसेंबर २०२५

प्रिय भगिनी चिसोमो हिस,
रतन दुशिंगचा ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तू मला पाहिलेलं नाहीस, मी तुला पुष्कळदा पाहिलं आहे. मी आमोदची आई आणि आमच्या मंडळीच्या निधीची कोषाध्यक्ष. आमोद आणि सुनीती मंगळवारी सुखरूप पोचले. दोघंही आल्यापासून झोपताहेत. आमोदने पहिल्याच दिवशी मक्याचं पीठ आहे का विचारलं, तेव्हा त्याचं गुपित मला केव्हापासून ठाऊक आहे हे मी सांगून टाकलं.

वर्कशॉपची किल्ली तुझ्याकडे दिल्याचा फोटो त्यांनी दाखवला. तू गंभीर दिसतेस. मला ते बरं वाटलं. पुढच्या वर्षाचा निधी जमतो आहे. त्यानंतरच्या वर्षाचं मी आज छातीठोक सांगू शकत नाही, पण माणसं आहेत आणि मी फिरते आहे.

तुझ्याकडे एक मागणं आहे. महिन्यातून एकदा आम्हाला पत्र लिही. उभी राहिलेली हसरी माणसंच लिहायची असं नाही. ज्याला पाय बसला नाही, जो परत आलाच नाही, ज्या दिवशी प्लॅस्टिक जळालं, तेही लिही. आम्ही पैसे पाठवतो म्हणून तू आम्हाला खूश ठेवायचं, असं आपल्यात नको. ज्ञानदेव अमोलिक यांना तर पडलेल्या माणसांच्या बातम्या जास्त हव्या असतात. ते आता उपासनेला स्वतः येतात आणि गाणं संपल्यावरही एक ओळ जास्त म्हणतात. तुझ्यासाठी त्यांनी उसाचं बेणं, लावणीच्या कांड्या, पाठवायचं ठरवलं होतं, पण ते विमानातून नेऊ देत नाहीत.

तुझ्या भाषेत लिही. इथे वाचायला माणूस आहे. कर्वेनगरच्या कॉलेजात तुमच्याकडची एक मुलगी शिकते, लिंडिवे. सुनीतीने तिला आमच्याकडे धाडलं, आणि गेले काही महिने ती रविवारी जेवायला येते. आमची भाजी तिला तिखट लागते, पण ती परत वाढून घेते. सुनीतीला तुमची भाषा बोलता येते पण नीट लिहिता येत नाही, म्हणून मी मराठीत सांगते, सुनीती इंग्रजीत सांगते आणि लिंडिवे तुझ्या भाषेत उतरवते. तुळजाबाई शेजारी बसून हे बरोबर लिहिते का म्हणून लक्ष ठेवतात. त्यांना तुमची भाषा येत नाही.

शेवटी आम्ही पत्रात लोभ असावा असं लिहितो. लिंडिवे लेखणी थांबवून विचारते, की याला त्यांच्यात शब्द नाही, याचा अर्थ काय लिहू. मी तिला सांगितलं, की आपण लांब आहोत, रोज भेट नाही, कधी पैसे उशिरा येतील, कधी पत्र येणार नाही, तरी मनातून काढू नकोस. ती जरा विचार करून लिहू लागली. माझे दोन शब्द होते, तिच्या चार ओळी झाल्या आहेत. काय लिहिलं ते मी तिला विचारलेलं नाही. तू वाच, आणि तसंच असू दे.

तुझी,
रतन